बावन्न पुस्तकांचा नवस

डिसेंबर सरत आला की ओळखीतल्या कुणाची तरी यादी मोबाइलवर फिरू लागते. यंदा वाचलेली पुस्तकं : अठ्ठेचाळीस. खाली कौतुकाचे अंगठे, आणि त्यांच्याही खाली दोघा-तिघांचे नवस : पुढच्या वर्षी मी बावन्न वाचणार. म्हणजे आठवड्याला एक. गुडरीड्स हे संकेतस्थळ २०११ पासून वाचकांकडून वर्षाच्या सुरुवातीलाच असा आकडा वदवून घेतं. आकडा जाहीर करण्यात गैर काही नाही, थोडी लाज राहते मनाला. पण एकदा आकडा लागला की पुढे पुस्तकं तोच निवडू लागतो, ही खरी मेख आहे. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ (१९३९) एका रविवारी वाचून होतं. भालचंद्र नेमाडेंची ‘हिंदू’ (२०१०) सहाशे पानांच्या घरातली. यादीत मात्र दोघांची किंमत एकच. नोव्हेंबरात नऊ पुस्तकांनी मागे पडलेला माणूस ‘हिंदू’ला हात लावेल? तो कपाटातली पातळ पुस्तकं चाचपत बसेल. आणि त्यात ‘रणांगण’चंही नुकसानच. युरोपातून निघालेल्या बोटीवरची, ज्यू निर्वासितांच्या सोबतीतली ती कादंबरी संपल्यावर दोन दिवस दुसरं काही हातात घेऊ नये असं वाटतं; इथे तर सोमवारी पुढचं पुस्तक सुरू करायचं असतं.

म्हणून वर्षाचं लक्ष्य जरूर ठरवा, पण ते पुस्तकांच्या संख्येचं नको. तीन गोष्टी ठरवा : कोणत्या प्रश्नासाठी वाचणार, रोज केव्हा बसणार आणि वाचलेलं कुठे उतरवणार. संख्या वर्षअखेरीस आपोआप कळेलच, आणि बहुतेकदा ती तुम्ही धाडसाने ठरवली असती त्याहून फार कमी निघत नाही.

आधी बसण्याचं बघू, कारण गाडं तिथेच अडतं. आपल्याकडे नेमाने वाचण्याची पद्धत जुनी आहे, फक्त तिचं माप वेगळं होतं. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय सात दिवसांत वाटून घ्यायचे. दासबोधाचे २० दशक, २०० समास. रोज एक समास घेतला तर सात महिन्यांच्या आत ग्रंथ पुरा. चातुर्मासात पोथी लावणारी आजी यंदा किती पोथ्या झाल्या ते मोजत नसे. आज कुठवर आलं एवढंच तिला ठाऊक असे, आणि उद्या दिवा लावल्यावर तिथूनच पुढे. पारायणाचा हेतू निराळा, त्यात अर्थाकडे दुर्लक्ष होऊन नुसती घोकणीही होते, हे मान्य. पण रोजचा वाटा ठरलेला, जागा ठरलेली, वेळ ठरलेली, ही चौकट उचलण्यासारखी आहे. कादंबरीलाही ती चालते आणि करसल्लागाराच्या जाडजूड संदर्भग्रंथालाही.

वाटा किती असावा हे स्वतःच्या वेगावरून ठरवा. गजर लावून दहा मिनिटं नेहमीसारखं वाचा आणि पानं मोजा. एकदा कादंबरीवर, एकदा कामाच्या पुस्तकावर. दोन्हीत बराच फरक निघतो. मग हिशेब सरळ आहे. वर्षातले ६५ दिवस पाहुणे, लग्नं, आजारपण आणि कंटाळा यांना देऊन टाका. उरलेले ३०० दिवस रोज १० पानं वाचली तर ३,००० पानं होतात, म्हणजे दोनशे पानी पंधरा पुस्तकं. २० पानं झाली तर तीस. रोज दहा पानं म्हणजे काहीच नाही असं वाटत असेल, तर मागच्या वर्षी पूर्ण वाचलेली पुस्तकं बोटांवर मोजून पाहा.

वेळ कोणती? जी आधीच कशाला तरी बांधलेली आहे ती. सकाळचा चहा, मुलाचा क्लास सुटेपर्यंत बाहेर ताटकळायची वीस मिनिटं, कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवरचा वेळ. विरार फास्टमध्ये सकाळी पुस्तक उघडायला हात मोकळा मिळत नाही, तिथे उगाच नेम करू नये. संध्याकाळी उलट्या दिशेने निघताना जागा मिळत असेल तर ती बैठक धरावी. रात्री अंथरुणात कामाचं पुस्तक घेऊन पडलात तर तिसऱ्या पानावर ते नाकावर येईल. डोकं ताजं असतं तेव्हा कामाचं, दिवस उतरला की गोष्टीचं, अशी वाटणी बहुतेकांना मानवते. आणि फोन दुसऱ्या खोलीत. उशाशी उपडा ठेवलेला फोनही अर्धं लक्ष खातोच.

ऐकणं हे वाचनात धरायचं का, असं हल्ली विचारतात. स्टोरीटेलने २०१७ च्या सुमारास मराठीत ऐकायची पुस्तकं आणली तेव्हापासून गाडी चालवताना, भाजी चिरताना ऐकणारे पुष्कळ झाले. माझं मत विचाराल तर कथा, कादंबरी, आठवणी ऐकाव्यात, खुशाल धराव्यात. तक्ते, आकडे, नकाशे असलेलं पुस्तक मात्र डोळ्यांनीच वाचावं. मागचं पान उलटून पाहण्याची गरज त्यात सारखी पडते.

वर्षाची सुरुवात जानेवारीतच व्हायला हवी असंही काही नाही. हिशेबखात्यातल्या माणसाने १ जानेवारीला संकल्प सोडायचा आणि मार्चअखेरच्या धावपळीत तो मोडायचा, यापेक्षा पाडव्याला किंवा एप्रिल उजाडल्यावर सुरुवात केलेली बरी. शिक्षकांना मे महिना मोकळा. जाड पुस्तक पावसाळ्यात काढावं, बाहेर जाणं कमी होतं. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने दिवाळी अंकांना राखून ठेवा, नाहीतर अंक येतात आणि हातातलं पुस्तक अर्धवट राहिल्याची उगाच खंत लागते. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये महिन्या-महिन्यावर लेख आहेत. ते पुस्तक एका दमात न वाचता चैत्रात चैत्राचा, ज्येष्ठात ज्येष्ठाचा असं वर्षभर पुरवून वाचलं, आणि वाचून झाल्यावर खिडकीतून बाहेर पाहिलं, तर वेळापत्रकातला एक कप्पा वर्षभरासाठी भरला.

आता प्रश्न कोणता घ्यायचा. ‘यंदा कामासाठी वाचणार’ हा प्रश्न नव्हे, त्यातून हाती काही लागत नाही. प्रश्न इतका नेमका हवा की पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून बोट फिरवताना कोणतं प्रकरण आपलं ते कळावं.

समजा, तुम्ही बँकेत अधिकारी आहात आणि बदली होऊन कोरडवाहू तालुक्यातल्या शाखेत आलात. टेबलावर पीककर्जाची थकलेली खाती आहेत. परिपत्रकं वाचणं तुमच्या पगारातच आलं. किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे, त्याचे नियम कुणीही समजावून देईल. पण समोर बसलेला माणूस पेरणीसाठी घेतलेले पैसे बहिणीच्या लग्नात का घालतो, आणि तरीही तो बेइमान का नसतो, हे परिपत्रकात नसतं. तेव्हा तिमाहीचा प्रश्न असा घ्या : शेतकऱ्याचं कर्ज थकतं कसं?

सुरुवात कादंबरीने करा, कारण कादंबरीने चेहरे मिळतात. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) घ्या. शिकूनही नोकरी न लागलेला मुलगा, वर्षानुवर्षं पिचत चाललेली शेती आणि त्यापायी उसवत जाणारं घर, हे सगळं ती आतून दाखवते. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली आहे, पण त्यासाठी वाचू नका. कर्जाच्या अर्जात ‘व्यवसाय : शेती’ या दोन शब्दांमागे काय काय असतं त्यासाठी वाचा. तिच्यानंतर आनंद यादवांचा ‘गोतावळा’ (१९७१). ट्रॅक्टर आला की गड्याचं आणि जनावरांचं काय होतं, हे ट्रॅक्टरला कर्ज मंजूर करणाऱ्याने एकदा पाहिलेलं असावं. मग पी. साईनाथ यांचं १९९६ चं इंग्रजी पुस्तक, मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ नावाने आलेलं. देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत फिरून केलेली ही पत्रकारिता योजना कागदावरून गावात पोचेपर्यंत कुठे गळते ते दाखवते. आणि शेवटी मागे जा : महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’, १८८३ चा. तो वाचण्याआधी एवढं लक्षात घ्या की मे १८७५ मध्ये सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले होते, पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पसरले आणि लोकांनी आधी जाळले ते कर्जरोखे. इंग्रज सरकारने त्यानंतर, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. फुले लिहितात ते या सगळ्याच्या अगदी लागून, आणि नुसते कोरडे ओढून थांबत नाहीत. पावसाचं पाणी बांधांनी, तळ्यांनी अडवून जिरवा असंही सुचवतात.

चार पुस्तकं, एक तिमाही. यादीत हे फक्त चारच दिसतील. पण ज्याने ती एका प्रश्नाभोवती वाचली, तो वसुलीला गावात गेला की दारात उभं राहून पहिला प्रश्न वेगळा विचारील. एका विषयावरची पुस्तकं एकमेकांसमोर बसवून वाचण्याची ही रीत मॉर्टिमर अ‍ॅडलर या अमेरिकन तत्त्वज्ञाने ‘हाउ टु रीड अ बुक’ या पुस्तकात सांगितली आहे. मात्र त्यासाठी ते पुस्तक आधी वाचायलाच हवं असं नाही. वाचावं कसं यावरच्या पुस्तकांत वर्ष घालवणारेही असतात.

धंदा बदलला की यादी बदलेल, रीत तीच. बांधकामाच्या साइटवरच्या इंजिनिअरने ‘एकच चूक पुन्हा पुन्हा का होते’ हा प्रश्न घेतला तर अतुल गवांदे यांचं ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ (२००९) उपयोगी पडेल. गवांदे शल्यविशारद, वडील यवतमाळ जिल्ह्यातले. वैमानिकांची पडताळणीची यादी शस्त्रक्रियेच्या खोलीत आणताना काय अडचणी आल्या ते त्यांनी सांगितलंय, आणि मधल्या एका प्रकरणात उंच इमारती बांधणाऱ्यांकडेही ते जाऊन आलेत. इंग्रजी वाचताना अडखळत असाल तर रोजचा वाटा निम्मा करा, पुस्तक सोडू नका. अर्थशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्यांसाठी अच्युत गोडबोले यांचं ‘अर्थात’ आहेच. आधी मराठीत पाया घालून मग इंग्रजीकडे गेलं की दमछाक कमी होते.

सात सवयी, दहा सूत्रं, पाच पावलं असल्या पुस्तकांबद्दल थोडं. त्यांतलं एखादं जरूर वाचा. दुसरं वाचलंत तर पहिल्याचीच उजळणी होईल आणि तिसऱ्यापर्यंत फक्त उदाहरणं बदलतील. स्वतःला घडवायचं म्हणून जे वाचायचं त्यात मी तरी आत्मचरित्रांना आधी जागा देईन. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३७ दरम्यान भागाभागाने आलेली) वाचताना संसारात, श्रद्धेत, विक्षिप्त नवऱ्याशी वागताना एक बाई विनोदबुद्धी कशी शाबूत ठेवते ते दिसतं. संयमावरच्या व्याख्यानांनी हे साधत नाही. आपल्यापेक्षा अगदी वेगळ्या घरात जन्मलेल्याचं एक तरी पुस्तक दरवर्षी असावं : दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ (१९८०). टीमचं नेतृत्व वगैरे ज्यांना करायचं आहे त्यांनी तर ही पुस्तकं टाळूच नयेत. शिवाय एक जागा पुन्हा वाचण्यासाठी. कॉलेजात भारावून वाचलेलं पुस्तक पंचेचाळिसाव्या वर्षी उघडलं की कधी ते लहान झालेलं असतं, कधी आपण. आणि एक जागा निव्वळ मजेसाठी, जिचा प्रश्नाशी, प्रगतीशी कशाशीही संबंध नाही. रहस्यकथा असो की विनोदी लेख, तिचा हिशेब कुणाला देऊ नका.

वही. हा भाग बहुतेक जण टाळतात आणि मग ‘वाचलेलं काही लक्षात राहत नाही’ म्हणत फिरतात. रंगीत पेनाने अर्धं पुस्तक अधोरेखित करणं ही वही नव्हे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो मिटून, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. आपली परीक्षा आठवड्यानेच काय, वर्षांनी व्हायची असते. तेव्हा बैठक संपली की पुस्तक मिटा, आणि मगच लिहा. चार-पाच ओळी पुरे. वरच्या बँकेतल्या माणसाची नोंद अशी असेल :

‘असूड. पाणी अडवायला बांध-तळी, हे १८८३ मध्ये! आपल्या शाखेतून शेततळ्यांना गेलेली कर्जं किती, आणि त्यांतली थकलेली किती? सोमवारी यादी काढणे. भाषा जड जातेय, रोज सहाच पानं.’

यात सारांश नाही, कुणाला दाखवण्यासारखं वाक्य नाही. पण सोमवारचं काम आहे. कामासाठी वाचलेल्या पुस्तकातून असं एखादं सोमवारचं काम निघालं नाही, तर प्रश्न तरी चुकला किंवा पुस्तक तरी. कादंबरीच्या नोंदीत ही सक्ती नको. तिथे एखादं पात्र कुणासारखं वाटलं एवढं लिहिलं तरी चालेल. वही कागदी असो की फोनमधली, एकच असावी. चार ठिकाणी विखुरलेल्या नोंदी पुन्हा कुणी उघडत नाही.

पुस्तकं आणायची कुठून, हा खर्चाचा मुद्दा. वर्षाच्या सुरुवातीला प्रदर्शनातून वीस पुस्तकं आणून ठेवू नका. विकत घेतलेलं पुस्तक वाट बघतं, वाचनालयाचं बघत नाही. परतीची तारीख हा फुकटात मिळालेला मुकादम आहे. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा चांगली जुनी : रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. अनामत भरावी लागते, वर्गणी बहुधा परवडेल अशीच असते. कोणत्या वाराला सुट्टी आणि दुपारी किती ते किती बंद, हे आधी विचारून घ्या, नाहीतर दोन खेपा फुकट जातात आणि तिसऱ्यांदा आपण जात नाही. आपला प्रश्न ग्रंथपालांच्या कानावर घाला. ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणणाऱ्याला ते समोरचं नवं पुस्तक देतात; ‘कर्जबाजारी शेतीवर काय आहे?’ विचारणाऱ्यासाठी उठून मागच्या कपाटाकडे जातात.

दिवाळी अंकांची योजना बहुतेक वाचनालयांत असते : ठरावीक रक्कम भरली की दोन-तीन महिने अंक बदलून बदलून वाचता येतात. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही चैन. नव्या विषयाची चव बघायला अंकातला एखादा दीर्घ लेख पुस्तकापेक्षा सोयीचा. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचीही बरीच पुस्तकं उतरवून घेता येतात. परदेशात असाल तर नाशिकहून सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या तुमच्या शहरातल्या मराठी मंडळाकडे येतात का ते विचारा. आणि महाबळेश्वर-पाचगणीला गेलात तर एक दिवस भिलारला द्या. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत विषयवार मांडलेली पुस्तकं हवी तितका वेळ बसून वाचता येतात. वर्षाची यादी करायला याहून चांगली जागा नाही, कारण पुस्तक घेण्याआधी तीस पानं वाचून बघता येतं.

सोबत मिळाली तर नेम टिकतो. काही ठिकाणी पुस्तक भिशी चालते : दरमहा ठरलेले पैसे जमा करायचे, ज्याची चिठ्ठी निघेल त्याने त्यातून पुस्तकं घ्यायची, आणि पुढच्या महिन्यात त्यांबद्दल चार शब्द बोलायचे. ऑफिसातल्या पाच-सहा जणांनी हे सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त बोलताना खाणं शेवटी ठेवा. आधी ठेवलं तर पुस्तकापर्यंत गाडी येतच नाही.

सोडून देण्याचा नियमही आधीच ठरवलेला असावा. साठ पानांपर्यंत पुस्तकाने धरलं नाही तर ठेवून द्या. त्याचं नाव वहीच्या मागच्या पानावर लिहा, का सोडलं ते एका ओळीत. अवघड म्हणून सोडलेलं आणि कंटाळवाणं म्हणून सोडलेलं यांत फरक आहे; पहिल्या जातीचं पुस्तक दोन वर्षांनी पुन्हा काढून बघण्यासारखं असतं. संकल्पाच्या हट्टापायी एकाच पुस्तकात दोन महिने रुतून बसलेले आणि मग वाचनच सुटलेले पुष्कळ आहेत.

वर्षाच्या मध्यावर, आषाढी एकादशीच्या आसपास म्हणा, यादी एकदा उघडा. ठरवलेलं निम्मंही झालेलं नसेल, बहुतेकांचं होत नाही. भरपाई म्हणून रोजची पानं दुप्पट करू नका, आठवड्यात नेम पार मोडेल. बैठकीची वेळ तीच ठेवा, आणि ज्यांना हातही लागलेला नाही ती पुस्तकं यादीतून सरळ काढून टाका. त्यांतलं एखादं वाचनालयाचं असेल आणि दोनदा तारीख वाढवून टेबलावर पडून असेल, तर आजच परत करून या. त्याच्यासाठी कुणीतरी नंबर लावून बसलं असेल.